सरकीचे देणे

सुरत हे नाव उच्चारले की मराठी माणसाच्या मनात पहिली आठवण उठते ती १६६४ च्या जानेवारीतील आणि १६७० च्या ऑक्टोबरातील त्या दोन स्वाऱ्यांची. बखरींनी आणि क्रमिक पुस्तकांनी ती इतकी घट्ट बसवली आहे की, ह्या शहराला दुसरा काही इतिहास असेल असे आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानीही येत नाही. आम्ही येथे राहावयास आलो तेव्हा आमचीही स्थिती ह्याहून निराळी नव्हती. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असाही एक मुलूख होता की, जेथे एके काळी ‘सुरत’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जाई, आणि त्या शिवीचा लुटीशी काडीचाही संबंध नव्हता. तो मुलूख म्हणजे इंग्लंडातील लँकेशायर, आणि त्या शिवीचे कारण कापूस.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस बंद पडला. पर्याय म्हणून हिंदुस्थानातून गाठी जाऊ लागल्या. त्या वऱ्हाडातून येवोत, खानदेशातून येवोत, की भडोच-काठेवाडातून येवोत, तिकडे त्या साऱ्यांना ‘सुरत’ हेच नाव. जुन्या बंदराची ख्याती मालाला चिकटून राहिली होती. हा कापूस आखूड धाग्याचा, शिवाय अस्वच्छ. यंत्रावर त्याचे सूत क्षणोक्षणी तुटे, आणि विणकराची मजुरी कामाच्या मापाने मिळत असल्यामुळे सूत तुटले की त्याच्या घरची भाकरीही तुटे. एका प्रार्थनासभेत कोणी देवाकडे कापूस मागितला, तेव्हा मागून दुसऱ्याने ‘पण सुरतेचा नको’ अशी पुस्ती जोडली, अशी गोष्ट तिकडे अजून सांगतात. आपल्या मद्याला ‘सुरत’ म्हटले म्हणून एका मद्योत्पादकाने अब्रुनुकसानीचा दावा लावल्याचेही सांगतात. इकडे मुंबईत मात्र त्याच कापसाने सोन्याचा पाऊस पाडला. त्या पावसात सर्वांत अधिक भिजलेले आणि १८६५ साली तो थांबताच सर्वांत अधिक सुकलेले प्रेमचंद रायचंद हे मूळचे सुरतेचेच. मुंबईच्या विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्या मातोश्रींच्या नावाने उभा आहे. पण त्याच्या पायाखाली कापूस आहे हे खालून जाणाऱ्यास क्वचितच आठवते.

त्या शिवीत न्याय किती आणि अन्याय किती? कापूस ओला करून वजन वाढवणारे, त्यात माती-सरकी मिसळणारे व्यापारी होते हे खरे, आणि त्यांची बाजू घेण्याचे आम्हांस कारण नाही. पण धागा आखूड होता, हा काही कापसाचा अपराध म्हणता येणार नाही. लँकेशायरची यंत्रे अमेरिकेच्या सुमारे इंचभर लांबीच्या धाग्यासाठी बेतलेली होती. आमचा धागा पाऊण इंचाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. चातीवर आणि चरख्यावर माणसाची बोटे त्याच धाग्याला हजारो वर्षे सांभाळून घेत आली होती. ज्या ढाक्याच्या मलमलीची ख्याती रोमपासून दिल्लीपर्यंत होती, तीही आखूड धाग्याच्या देशी कापसाचीच. म्हणजे कापूस बदलला नव्हता, परीक्षक बदलला होता. कोणत्याही वनस्पतीचे ‘चांगले’ किंवा ‘हलके’ असणे हे बव्हंशी तिला कोणता प्रश्न विचारला गेला ह्यावर अवलंबून असते, आणि तो प्रश्न कालांतराने बदलतो. पुढे जे लिहावयाचे आहे ते समजण्यास एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

माणसाने कापूस एकदा नव्हे, चार वेळा माणसाळवला, आणि तोही एकमेकांची वार्ता नसलेल्या ठिकाणी. दोन जाती नव्या जगातल्या: मेक्सिकोकडील हिर्सुटम आणि पेरूकडील बार्बाडेन्स. दोन जुन्या जगातल्या: आर्बोरियम आणि हर्बेशियम. ह्या दुसऱ्या जोडीलाच आपण देशी कापूस म्हणतो, आणि सुरत-भडोचकडचा जुना कापूस त्यांपैकी हर्बेशियमचा. बलुचिस्तानात मेहरगढ येथे तांब्याच्या मण्याला चिकटून राहिलेले कापसाचे तंतू सापडले, त्यांचे वय सुमारे साडेसात हजार वर्षांचे ठरते. मोहेंजोदडो येथे चांदीच्या भांड्याला लागून राहिलेले कापडाचे तुकडे निघाले, ते मुंबईत माटुंग्याच्या प्रयोगशाळेत गुलाटी आणि टर्नर ह्यांनी १९२० च्या दशकात तपासले आणि तो कापूसच असल्याचे सांगितले.

आणखी एक गोष्ट आम्हांस फार नवलाची वाटली. देशी कापसाच्या पेशीत २६ गुणसूत्रे, अमेरिकन कापसाच्या पेशीत ५२. ह्यांपैकी निम्मी गुणसूत्रे जुन्या जगाच्या कापसाच्या गोत्रातली आहेत. दहा-वीस लक्ष वर्षांपूर्वी, माणूस नव्हता तेव्हा, जुन्या गोत्राचे बीज कसेबसे समुद्रापार पोहोचले, तेथील रानटी कापसाशी त्याचा संकर झाला, आणि त्या संकरातून पुढे लांब धाग्याची ती अमेरिकन जात निघाली. लँकेशायरने ज्याला शिवी दिली आणि ज्याची आरती केली, ते दोघे दूरचे चुलतभाऊ होते.

रानटी कापूस हे बहुवर्षायू झुडूप. त्याच्या बियांवर विरळ, आखूड केस. त्या बियांचे कवच कठीण, त्यामुळे त्या सर्व एकाच पावसात रुजत नाहीत, काही ह्या वर्षी, काही पुढल्या, काही त्याही पुढे. दुष्काळ पडला तर वंश बुडू नये म्हणून निसर्गाने केलेली ती तजवीज आहे. माणसाने ही तजवीज मोडली. त्याला सारे बी एकदम उगवायला हवे होते, झाड वर्षाच्या आत फळायला हवे होते, केस लांब आणि दाट हवे होते. त्याने हजारो वर्षे तेवढेच बी निवडले आणि झाडाने ते सारे दिले. देण्याची परिसीमा पाहावयाची तर वागड कापूस पाहावा. गुजरातच्या रुक्ष भागात होणाऱ्या ह्या हर्बेशियमचे बोंड पिकल्यावरही उमलत नाही. सोसाट्याच्या वाऱ्यात उमललेला कापूस उडून जातो, म्हणून तेथील शेतकऱ्याने मिटलेल्या बोंडाची झाडे निवडली असावीत. बोंडे तशीच तोडून घरी आणायची आणि बायकामाणसांनी बसून एकेक फोडायची, अशी तेथील रीत. ज्या फळाने स्वतःचे बी जगात सोडण्याचा दरवाजाच बंद करून घेतला आणि किल्ली माणसाच्या हाती दिली, असे ते फळ आहे. माणसाचा हात थांबला तर त्या झाडाचा वंश थांबलाच म्हणून समजावे.

ज्याने आपल्या भरवशावर स्वतंत्र जगण्याची शक्ती सोडून दिली, त्याचे आपण काही लागतो की नाही, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

झाडाला काय ठाऊक, त्याने काही ‘दिले’ नाही, ते आपण घेतले, तेव्हा करार कसला आणि ऋण कसले, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप रास्त आहे, आणि आम्ही झाडाच्या अंतःकरणाविषयी बोलू इच्छीत नाही. परंतु गाय आपणहून दावणीला आली नव्हती, म्हणून भाकड गायीविषयी आपले काही कर्तव्य नाही, असा युक्तिवाद आपल्याकडे कोणी सहसा करीत नाही. परावलंबन ज्याने निर्माण केले त्याच्यावर त्याचा भार येतो, हे समजायला परावलंबी जीवाची संमती लागत नाही. आणि झाडाचे सोडून दिले तरी एक हिशेब उरतोच. प्रत्येक जुने वाण म्हणजे कोणा नाव नसलेल्या माणसांनी शेकडो पिढ्या केलेली निवड आहे. कोणा बाईने वेचणी करताना एखादे बोंड बरे दिसले म्हणून ते पदराच्या टोकाला वेगळे बांधून ठेवले, तिच्या नातसुनेने पुन्हा तसेच केले. शास्त्रकारांनी देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली आहेत. ह्या बाईचे ऋण त्यांत कोठे बसवावे, ह्याचा आम्ही विचार केला. पितृऋण हा शब्द अपुरा पडतो एवढेच आमच्या लक्षात आले.

आता सुरतेकडे परत वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ह्या शहरात कापसाच्या संशोधनाचे शेत आहे. तेव्हा ते गावाबाहेर होते, आता अठवा लाइन्सच्या उंच इमारतींनी त्याला वेढून टाकले आहे. जुन्या सुरती कापसातून निवड करीत ‘१०२७ ए.एल.एफ.’ आणि मग ‘सुयोग’ ह्यांसारखे वाण निघाले. भडोचकडे ‘विजय’ आणि ‘दिग्विजय’ गाजले. ह्या वाणांविषयी सांगण्याजोगी गोष्ट ही की, त्यांचे बी शेतकऱ्याच्या घरात पिढ्यानपिढ्या राहू शके. कापूस जिनात गेला की रुई वेगळी आणि सरकी वेगळी होई. काही सरकी बैलांच्या गव्हाणीत जाई, काही घाण्याला, आणि उत्तम असेल ती पुढच्या मृगासाठी मडक्यात. गव्हाणीतले खाद्य आणि मडक्यातले बियाणे ही एकाच राशीची दोन टोके होती.

१९७० साली ह्याच शेतावर डॉ. चंद्रकांत पटेल ह्यांनी ‘संकर-४’ हा कापूस सिद्ध केला. ‘गुजरात-६७’ ही मादी आणि ‘अमेरिकन नेक्टरिलेस’ हा नर, दोन्ही हिर्सुटम. व्यापारी प्रमाणावर लावला गेलेला जगातला हा पहिला संकरित कापूस. संकराने जोम येतो हे सर्वत्र ठाऊक होते. पण कापसाचे फूल उभयलिंगी, त्याचा संकर मोठ्या प्रमाणावर करायचा कसा, ह्यापुढे श्रीमंत देश थबकले होते. पटेलांनी त्याचे उत्तर ह्या देशात विपुल असलेल्या वस्तूत शोधले, ती वस्तू म्हणजे माणसाची बोटे. उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर आज दुपारनंतर नखाने खुडून काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराचा पराग तिला लावायचा. असे लक्षावधी कळ्यांचे करायचे. ही बोटे पुढे पुष्कळ ठिकाणी लहान मुलींची होती, हे गुजरात आणि आंध्रातील बियाण्यांच्या शेतांविषयी अनेकदा लिहिले गेले आहे, आणि ते खरे आहे. परंतु त्याचे पाप संशोधकाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. ‘संकर-४’ने उत्पन्न कितीतरी वाढवले, कापसाची आयात करणाऱ्या देशाला स्वतःच्या पायांवर उभे राहण्यास हात दिला, आणि पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरांवर कौले चढवली. कौलाखाली राहणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या झोपडीचे सौंदर्य वर्णन करावे, तसे ह्या गोष्टीला नावे ठेवणे होईल.

तरीही त्या वर्षी एक दोर तुटला. संकरित झाडाची सरकी पुन्हा पेरली तर तिच्यातून आईबापांचे गुण विस्कटून निघतात, एक झाड असे तर दुसरे तसे. तेव्हा बी दरवर्षी विकतच घ्यायचे. मडके रिकामे झाले. १९४७ साली ह्या देशाच्या कापसाच्या क्षेत्रापैकी सुमारे ९७ टक्के क्षेत्र देशी जातींचे होते. आज ते अगदी थोड्या टक्क्यांवर आले आहे. बहुतेक कापूसप्रधान देश अजून सरळ वाण लावतात, आणि आपण मात्र जवळजवळ सारा कापूस संकरित लावतो. सुरतेच्या आसपास तर कापूसही फारसा उरला नाही. काकरापारचा बंधारा आणि १९७२ चे उकाई धरण ह्यांचे पाणी आले, बारडोलीकडे ऊस आला, आणि काळ्या जमिनीने पीक बदलले. खुद्द सुरत शहर आज वस्त्रे विणते ती मुख्यतः पॉलिएस्टरची. ज्या गावाच्या नावाने साऱ्या हिंदुस्थानचा कापूस ओळखला जाई, त्या गावाच्या मागावर कापसाचे सूत शोधावे लागते.

त्याच १९७० साली अमेरिकेत निराळेच काही घडत होते. तेथील मक्याच्या बहुतेक संकरित वाणांना एकाच मूळ झाडाचे वांझ-नर लक्षण दिलेले होते, म्हणजे तुरे खुडण्याची मजुरी वाचे. त्या लक्षणाबरोबर एका बुरशीला बळी पडण्याचा दोषही सर्वांत आला होता, पण ते कोणास दिसले नाही. त्या उन्हाळ्यात बुरशी आली आणि देशाच्या मक्याचा सुमारे १५ टक्के हिस्सा घेऊन गेली. मका एकसारखा होता, म्हणून आजारही एकसारखा झाला. ह्याचा उलटा दाखलाही आशियात घडला. फिलिपाइन्समधील संस्थेत भाताच्या खुरट्या रोगावर उतारा शोधण्यासाठी हजारो नमुने तपासले गेले, आणि उतारा सापडला तो उत्तर प्रदेशातून आणलेल्या एका रानटी भाताच्या नमुन्यात. ज्या गवताला शेतकऱ्याने शेतातून उपटून टाकले असते, त्याच्या वंशजांनी पुढे आशियातील कोट्यवधी लोकांचे ताट भरले.

आपल्या कापसाचे काय झाले? २००२ च्या मार्चमध्ये बोंडअळीला मारणाऱ्या जिवाणूचे जनुक घातलेल्या संकरित वाणांना परवानगी मिळाली. पहिली काही वर्षे फवारणी घटली आणि उत्पन्न वाढले, हे नाकारण्याचा आमचा हेतू नाही. मग असे वाण पाचपन्नास नव्हे, हजारावर बाजारात आले. दुकानाच्या फळीवर रंगीबेरंगी पाकिटे पाहून वैविध्याचा भास होई. पण ती नावे निराळी, गोत्र एकच. सारी हिर्सुटम, सर्वांत तीच एकदोन जनुके. आणि २०१० साली गुजरातमध्येच, अमरेली, भावनगर, जुनागड, राजकोट ह्या जिल्ह्यांत, गुलाबी बोंडअळी त्या जनुकाला भीत नाही असे आढळले. पुढे २०१७ साली विदर्भ-खानदेशाच्या शेतांत काय झाले ते आमच्या वाचकांस सांगावयास नको. देशी कापूस रस शोषणाऱ्या किडी अधिक सोसतो, पाण्यावाचून तग धरतो, पर्णगुच्छाच्या विषाणूला दाद देत नाही. ह्या गुणांचा प्रश्न कोणी त्याला विचारतच नव्हते; सारे केवळ धाग्याची लांबी विचारीत होते.

येथवर लिहून झाल्यावर, जुने बियाणे जतन करा, असा उपदेश करून लेख संपवणे सोपे होते. काही वर्षांपूर्वी आम्हीही तसाच उपदेश करीत असू. सुरतेच्या उधना-लिंबायतच्या भागात खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे राहतात. यंत्रमागावर राबतात आणि मृगाला गावी जाऊन येतात. त्यांतल्या एका वृद्ध गृहस्थांशी आमचा स्नेह आहे. सारे त्यांना आप्पा म्हणतात, आम्हीही म्हणतो. त्यांची गावाकडे चारपाच एकर कोरडवाहू काळी जमीन आहे. एकदा आम्ही त्यांना देशी कापसाचे गुण ऐकवले आणि थोडा तरी लावून पाहा असे म्हटले. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले, आमच्या सदऱ्याची बाही दोन बोटांत धरून चाचपली आणि म्हणाले, “मास्तर, हे पॉलिस्टर हाये. तुम्ही हे घालणार, आन देशी कापूस मी लावायचा?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. त्यानंतर बरेच दिवस आम्ही त्या वाक्याचाच विचार करीत राहिलो.

बियाणे वाचवण्यासाठी प्राण देणारी माणसे जगात होऊन गेली आहेत. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून लेनिनग्राडला वेढा पडला, तेव्हा निकोलाय वाव्हिलोव्ह ह्यांनी जगभर हिंडून जमवलेल्या बियाण्यांच्या भांडारातील अनेक अभ्यासक उपासमारीने मेले. तांदळाचे अभ्यासक दिमित्री इवानोव्ह मेले तेव्हा त्यांच्याभोवती तांदळाच्या हजारो पुड्या होत्या. त्यांनी त्या खाल्ल्या नाहीत. वाव्हिलोव्ह स्वतः १९४३ साली आपल्याच सरकारच्या तुरुंगात मेले. ही कथा आठवली की मान आपोआप लवते. परंतु ह्या कथेचा फार गैरवापर होतो असे आम्हांस वाटते. इवानोव्हांनी ते व्रत स्वतः घेतले होते. आपण मात्र ते व्रत आप्पांकडून करून घेऊ पाहतो, आणि त्याचे पुण्य आपल्या खाती मांडतो. दुष्काळात बियाणे खाण्याची वेळ शेतकऱ्यावर अनेकदा आली आहे. त्याला त्याविषयी नीती शिकवण्याचा अधिकार, ज्याच्या ताटात त्या दिवशीही अन्न होते, त्याला नाही. वैविध्याचा लाभ साऱ्या जगाला आणि उद्याच्या लोकांना व्हावयाचा, आणि आजचा तोटा मात्र पाच एकरवाल्याने एकट्याने सोसायचा, हा हिशेब कोणत्याही धर्मात बसत नाही. आम्ही देणे मान्य करतो. पण ते देणे आप्पांचे नव्हे, ते खाणाऱ्या-लेणाऱ्यांचे आहे.

ह्यावर दोन उत्तरे नेहमी दिली जातात. एक म्हणजे बीजपेढी. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने (ती १९७६ साली निघाली) कापसाचे हजारो नमुने सांभाळले आहेत. उत्तर ध्रुवाजवळ स्वालबार्ड येथे २००८ पासून बर्फाखाली जगाचे बियाणे साठवले जात आहे. हे काम थोर आहे. पण शीतपेटीतले बी जिवंत असले तरी थांबलेले असते. बाहेरची अळी बदलते, पाऊस बदलतो, ते मात्र ज्या दिवशी आत गेले त्याच दिवशी असते. दुसरे उत्तर कायद्याचे. २००१ सालच्या वनस्पती वाण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिला, आणि वाण जपणाऱ्यांच्या गौरवासाठी निधीही ठेवला. इतका उदार कायदा थोड्या देशांत असेल. पण ज्याच्या शेतात संकरित कापूस आहे, त्याला सरकी राखण्याचा हक्क मिळून काय मिळाले? कायदा मडके देऊ शकतो, मडक्यात काय घालायचे ते नाही.

जुने वाण खरोखर कोठे टिकले हे पाहिले तर असे दिसते की, जेथे त्याला काही काम उरले आहे तेथे. गोव्याच्या खाजन शेतांत बांध फुटून खारे पाणी शिरते, दुसरी भाते तेथे जळतात, म्हणून ‘कोरगुट’ राहिले. कच्छमध्ये पावसावर येणारा काला कापूस जवळजवळ विस्मृतीत गेला होता. ‘खमीर’ ह्या संस्थेने त्याचे सूत करून विणकरांच्या मागावर चढवले, त्या कापडाला गिऱ्हाईक मिळवले, तेव्हा शेतकऱ्याला तो पेरण्यात अर्थ दिसू लागला. येथे कोणी कोणास त्याग करा म्हटले नाही. जाड्याभरड्या कापडाला चार पैसे अधिक देणारा माणूस उभा राहिला, एवढेच. अशा कापडाचे दोन सदरे आम्हीही शिवून घेतले. सुरतेच्या उन्हाळ्यात ते सुखाचे वाटतात. धुतल्यावर चुरगळतात आणि घरात त्यावरून बोलणी बसतात, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पाच एकरांचा प्रश्न दोन सदऱ्यांनी सुटत नाही, हे आम्हांस कळते.

ह्या शोधात असताना एक गोष्ट आम्हांस अगदी शेजारीच सापडली. आमच्या आळीत एका मराठी कुटुंबाच्या परसात, तुळशीपासून चार हातांवर, माणसापेक्षा उंच असे कापसाचे झाड आहे. ते वर्षानुवर्षे उभे आहे, छाटले की पुन्हा फुटते. कोकणात आणि गोव्यात ज्याला देवकापूस म्हणतात, तोच हा. ह्या नावाखाली बहुधा एकाहून अधिक जाती नांदतात. त्याला ना जिन माहीत, ना बाजारभाव. घरातल्या आजी चातुर्मासात त्याच्या वाती वळतात, लक्षवातींचा नेम करतात. विकतच्या कापसाची वात का चालत नाही असे विचारले तर ‘देवाला तो नाही चालत,’ एवढेच सांगतात. शास्त्र, कायदा आणि बाजार ह्यांना जे नीट जमले नाही ते एका नेमाने कसे काय जमवले, ह्याचे आम्हांस कुतूहल वाटले. झाडाला देवाच्या घरचे काम मिळाले होते, आणि आजींना त्याच्यासाठी काही सोसावे लागत नव्हते.

गेल्या कार्तिकात त्यांनी आम्हांला चार बोंडे दिली. रुई आम्ही त्यांनाच परत केली आणि सरकी ठेवून घेतली. आप्पा गावी निघाले तेव्हा त्यांतल्या काही बिया आम्ही पुडीत बांधून त्यांच्यापुढे धरल्या. ह्या वेळी उपदेश केला नाही. त्यांनी पुडी उघडून एक बी दातांखाली धरून पाहिले, आणि शेतात नव्हे, पण विहिरीच्या थारोळ्यापाशी लावून बघतो, तिथे पाणी वाया जातेच, असे म्हणून ती खिशात टाकली.